निमित्त

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. सकाळचा चहा व्हायचा होता, तोच सिडनीहून भाच्याचा फोन आला. इकडची तिकडची विचारपूस झाली आणि तो मुद्द्यावर आला. "मामा, आता तुम्हीच आईला सांगा. माझं ती ऐकत नाही. हाताचं प्लास्टर निघून आठ दिवस झाले नाहीत, तर म्हणते, पुन्हा तालमीला जाते. नवरात्रात भोंडल्याचा कार्यक्रम आहे म्हणे. एकोणऐंशी वय आहे तिचं. उद्या खुबा मोडला म्हणजे?"

त्याची आई म्हणजे माझी थोरली बहीण, अक्का. गेली सात वर्षे ती मंगळागौरीचे खेळ करणाऱ्या एका गटात आहे. गटातल्या बहुतेक बायका साठी उलटलेल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी सोसायटीच्या हॉलमध्ये त्या जमतात, झिम्मा, पिंगा, फुगडी, लाट्या, कोंबडा असे खेळ बसवतात, आणि श्रावणात बोलावणे येईल त्या घरी जाऊन करून दाखवतात. नव्या नवरीला हे खेळ येत नाहीत आणि तिच्या मैत्रिणींनाही येत नाहीत, म्हणून तिच्या आजीच्या वयाच्या बायकांनी येऊन नाचायचे, असा हा उलटा प्रकार आहे. आषाढाच्या अखेरीस तालमीत पिंगा घालताना अक्काचा पाय लुगड्याच्या निऱ्यांत अडकला, ती पडली आणि डाव्या मनगटाचे हाड मोडले. साऱ्या श्रावणभर हात गळ्यात बांधून ती घरी बसली होती.

मी भाच्याला "बघतो" म्हणालो. आयुष्यभर महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला हा शब्द फार सोयीचा असतो. पण फोन ठेवल्यावर मला चैन पडेना. त्याला एक खाजगी कारण होते. ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे विवेचन मी कोणत्या तोंडाने करतो आहे हे वाचकांना कळेल.

२००१ सालच्या श्रावणात आमच्या घरी माझ्या मुलीची मंगळागौर होती. अक्काला वैधव्य येऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती. विधवेने काय करावे आणि काय करू नये याची चर्चा आमच्या घरात कधी होत नसे. आम्ही सुधारलेले होतो. रात्री खेळ रंगात आले. झिम्म्याला एक बाई कमी पडली, आणि काय होते आहे ते कुणाच्या ध्यानात येण्यापूर्वी अक्का पदर खोचून उभी राहिली. ती पंचावन्न वर्षांची होती. लहानपणी वाड्यात तिच्याइतका लांबलचक झिम्मा कुणी खेळत नसे, हे मला माहीत होते. दोन फेऱ्या झाल्या. तेवढ्यात व्याह्यांकडच्या दोघींनी एकमेकींकडे पाहिले. ते पाहणे मी दारातून पाहिले. मी पुढे झालो आणि अगदी मऊ आवाजात म्हणालो, "अक्का, जरा स्वयंपाकघराकडे बघतेस का? भाजणीचे वडे तळायचे राहिलेत."

"बघते," असे म्हणून तिने पदर सोडला आणि ती आत गेली. त्यानंतर सतरा वर्षे मी तिला कुठल्याही खेळात उभी राहिलेली पाहिली नाही.

२०१८ साली तिचा तोल जाऊ लागला. चालताना भिंतीचा आधार घ्यावा लागे. डॉक्टरांनी तपासून सांगितले, की काळजीचे काही नाही, पण पायांत बळ आणि तोल राहील असा व्यायाम हवा. नाच केलात तरी चालेल. डॉक्टर हे बहुधा विनोदाने म्हणाले असावेत. अक्काने ते वाक्य शाळेच्या दाखल्यासारखे जपून ठेवले. गटात नाव घालताना, सुनेला कळवताना, शेजारणीला सांगताना, प्रत्येक ठिकाणी तिने तो दाखला काढून दाखवला: "डॉक्टरांनीच सांगितलंय." आणि आश्चर्य असे की, ज्या कुटुंबाने तिला एका वाक्यात स्वयंपाकघरात पाठवले होते, त्याच कुटुंबाने या एका वाक्यावर तिला हॉलमध्ये जाऊ दिले. मीही त्यात होतो. "वा, तब्येतीला चांगलं," असे मी म्हणालो. सतरा वर्षांपूर्वी जे अशोभनीय होते ते आता आरोग्यदायी ठरले होते. बदलले होते ते फक्त निमित्त.

भाचा मात्र इंजिनीयर आहे. त्याने फोनपाठोपाठ मला एक संशोधनाचा निबंध पाठवून दिला, तोही त्याच्याच गावचा. सिडनीत वृद्धांच्या २३ वसाहतींमधल्या ५३० माणसांवर हा प्रयोग झाला होता आणि त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. काही वसाहतींमधल्या वृद्धांना वर्षभर, आठवड्यातून दोनदा, तासतासभर लोकनृत्य किंवा जोडीने करायचे नृत्य शिकवले. बाकीच्यांना त्यांच्या नेहमीच्या दिनक्रमावर सोडले. वर्षाअखेर पडण्याचे हिशेब मांडले, तेव्हा नाचल्याने पडणे कमी झाल्याचे दिसले नाही. इतकेच नव्हे, तर जे पूर्वी अनेकदा पडले होते त्यांच्यापैकी नाचणारेच जास्त पडले होते. हा शेवटचा भाग मागाहून केलेल्या पोटतपासणीतला आहे, म्हणून तो जपून घ्यायचा असतो. पण भाच्याने नेमकी त्याखालीच पिवळी रेघ ओढून पाठवली होती.

मी निबंध वाचला, आणि उलट बाजूचाही पुरावा आठवू लागलो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात पंचाहत्तरीच्या पुढच्या ४६९ माणसांवर अनेक वर्षे लक्ष ठेवले होते. २००३ साली त्याचा वृत्तान्त आला. वाचन, पत्ते-सोंगट्यांसारखे खेळ आणि वाद्यवादन करणाऱ्यांना स्मृतिभ्रंश कमी झालेला दिसला. शरीराच्या हालचालींपैकी तसा संबंध दिसला तो एकट्या नृत्याचा. वर्तमानपत्रांनी ही बातमी उचलून धरली. संशोधकांनी स्वतःच सावध केले होते, की कदाचित उलटेही असेल: ज्यांची बुद्धी आधीच मंदावू लागली आहे तेच आधी नाचायचे सोडत असतील. आणखी एक मोठा आढावा २०१९ सालचा आहे. वृद्धांचे पडणे टाळण्यासाठी केलेले १०८ प्रयोग त्यात एकत्र तपासले. तोल सावरण्याचा आणि उठण्या-बसण्याचा सराव देणाऱ्या व्यायामाने पडणे सुमारे एक चतुर्थांशाने कमी होते, हे त्यात पक्के ठरले. नृत्याविषयी मात्र निश्चित काही सांगता येत नाही, असा शेरा मिळाला.

हे कागद पुढ्यात घेऊन मी बराच वेळ बसलो, आणि मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी अक्काची बाजू लढवण्यासाठी पुरावा शोधत होतो. पुरावा भक्कम निघता तर मी तिला नाचू देणार होतो आणि डळमळीत निघता तर बसवणार होतो. म्हणजे तिचा आनंद हा पोटभाडेकरू. मूळ भाडेकरू तिचे आरोग्य. मूळ भाडेकरूची मुदत संपली की पोटभाडेकरूने मुकाट्याने बोचके उचलायचे. सोळा वर्षांचा मुलगा नाचतो तेव्हा त्याच्या तोलाचा अहवाल कुणी मागत नाही. म्हाताऱ्या माणसाने मात्र आपल्या प्रत्येक सुखाचा उपयोग दाखवून द्यायचा: फिरणे रक्तदाबासाठी, गाणे फुफ्फुसांसाठी, नातवंडांशी खेळणे मनाच्या उभारीसाठी. साठीनंतर सुख हे स्वतःच्या नावावर राहातच नाही. ते औषधाच्या नावावर चढते.

हा काही आजचा रोग नाही. झेनोफनने लिहिलेल्या मेजवानीच्या वृत्तान्तात एक मजेदार प्रसंग आहे. नाचणाऱ्या मुलाला पाहून सॉक्रेटीस म्हणतो, की नाचताना मान, पाय, हात यांपैकी कोणताच अवयव रिकामा बसत नाही. मलाही हे शिकायचे आहे. मंडळी हसू लागतात. सॉक्रेटीस तेव्हा पन्नाशीच्या घरातला. तो गंभीर चेहऱ्याने विचारतो, मला प्रकृती सुधारावीशी वाटली, अन्न गोड लागावे आणि झोप चांगली यावी असे वाटले, याला हसता? पोट जरा सुटले आहे तेही कमी करायचे आहे. मग कळते, की परवा पहाटे खार्मिडीस त्याच्या घरी गेला तेव्हा हे महाशय एकटेच नाचत होते. खार्मिडीस सांगतो, की आधी मला वाटले याला वेड लागले. पण कारण ऐकल्यावर मीही घरी गेलो, आणि नाच कधी शिकलो नव्हतो म्हणून नुसते हात हलवत बसलो. प्रत्यक्ष सॉक्रेटीस! साऱ्या अथेन्सला उलटे प्रश्न विचारून बेजार करणारा माणूस, आणि नाचताना पकडला गेल्यावर त्यानेही अक्कासारखा तब्येतीचा दाखलाच पुढे केला.

त्याच्या शिष्याने पुढे यावर शास्त्र रचले. प्लेटोने आपल्या 'कायदे' या उतारवयातल्या ग्रंथात नगरासाठी तीन गायन-नर्तनवृंद सुचवले आहेत: मुलांचा, तिशीच्या आतल्या तरुणांचा आणि तीस ते साठ वयाच्या माणसांचा. तिसऱ्यापाशी तो अडखळतो. वय वाढले की माणूस गायला लाजतो, चारचौघांत तर जास्तच. मग त्याला वाकवायचे कसे? प्लेटोचे उत्तर असे, की मद्याच्या देवाने चाळिशीच्या पुढच्यांना मद्य दिले आहे ते वार्धक्याच्या रूक्षपणावरचे औषध म्हणून. विस्तवात घातलेले लोखंड मऊ होते तसे त्याने मन मऊ होते. पुन्हा औषधच! आणि जे साठीच्याही पलीकडे गेले त्यांना त्याने गोष्टी सांगायला बसवले. पाय साथ देईनासे झाले म्हणून आपण म्हातारे तरुणांचे नाच पाहतो आणि आपले तारुण्य आठवतो, असेही तो म्हणतो. वर्णन खरे आहे. पण अक्काने सतरा वर्षे हेच केले होते, आणि ते पाय साथ देईनासे झाले म्हणून केले नव्हते.

आपल्याकडे या लाजेवर दुसरा उपाय सापडला. एकदा मी तरडगावाजवळ चांदोबाच्या लिंबाला माउलींच्या पालखीचे उभे रिंगण पाहायला गेलो होतो. घोडा धावून गेला, त्याच्या टापांखालची माती लोकांनी कपाळाला लावली, आणि मग रस्ताभर खेळ सुरू झाले. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायका पावली खेळत होत्या. सत्तरीतले दोन म्हातारे एकमेकांचे हात धरून फुगडीला उभे राहिले. धोतरे खोचलेली, पाय चिखलाचे. गिरक्या थांबल्यावर दोघे वाकून एकमेकांच्या पाया पडले आणि आपापल्या दिंडीत निघून गेले. त्यांच्या वयाकडे कुणी पाहिले नाही. त्यांना कुणी "जपून" म्हटले नाही. तेथेही निमित्त होतेच. विठोबा हे फार मोठे निमित्त आहे. परंतु या निमित्ताचा गुण असा की ते फळ मोजत नाही. वारीहून परतल्यावर गुडघे सुधारले की बिघडले यावरून पुढच्या वारीचा निर्णय कुणी करत नाही. मद्य उतरते, डॉक्टर मत बदलतात. विठोबा मात्र दिलेला दाखला परत मागत नाही.

मग निमित्ताशिवाय नाच असूच शकत नाही का? या प्रश्नाचे उत्तर भरताच्या नाट्यशास्त्रात मिळते. चौथ्या अध्यायात ऋषी भरताला अडचणीत टाकतात. अभिनय अर्थ पोचवण्यासाठी निर्माण झाला हे समजले. पण हे नृत्त कशासाठी? ते गीताच्या अर्थाशी जोडलेले नाही, कोणता भाव सांगत नाही. भरत टाळाटाळ करत नाही. तो मान्य करतो, की होय, नृत्ताला कोणत्याही अर्थाची अपेक्षा नसते. ते शोभा निर्माण करते म्हणून सुरू झाले. आणि पुढे म्हणतो, की नाच बहुतेक सर्व लोकांना स्वभावतःच आवडतो आणि मंगल मानला जातो, म्हणून लग्नात, बाळ जन्मल्यावर, आनंदाच्या प्रसंगी लोक नाचतात. 'सर्व लोकांना' यात वयाची अट नाही. सॉक्रेटिसाला जे सांगायचे धैर्य झाले नाही ते भरताने सरळ सांगून टाकले.

मला हे उत्तर इतके आवडले की मी लगेच भाच्याला फोन करायला निघालो. पण हात थांबला. 'शोभेसाठी' हे उत्तर ग्रंथात ठीक आहे. अक्काचे हाड ग्रंथातले नाही. खुब्याचे हाड मोडल्यावर पुन्हा पहिल्यासारखी न चालणारी, त्यानंतर अंथरूणच धरणारी म्हातारी माणसे मी पाहिली आहेत. आनंदाच्या बाजूने बोलणाऱ्याने हा धोका हसण्यावारी नेला तर त्याचे बोलणे स्वस्त होते. शिवाय धोका एकट्या अक्काचा नाही. प्लास्टर होते तेव्हा तिची वेणी सहा आठवडे माझी पत्नी घालत होती. तिला आंघोळीला मदत करत होती, दोन्ही वेळचा डबा पोचवत होती. माणूस पडतो एकटा, पण त्याला उचलायला चारजण लागतात. त्या चौघांना बोलायचा हक्क नाही असे कसे म्हणता येईल?

म्हणून मी आधी पत्नीलाच विचारले. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "सहा आठवडे वेणी मी घातली. पण तुम्ही आणि भाचेबुवा चर्चा करता आहात, त्यात मला आत्ता विचारताय." मी गप्प बसलो. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "जाऊ दे तिला. न नाचणाऱ्या अक्काची वेणी मी घातलीय. तिची मान नुसती पडलेली असायची."

धोक्याचा विचार करताना आणखी एक गोष्ट जाणवली. तरुण मुलगा पावसाळ्यात हरिश्चंद्रगड चढून गेला तर आपण त्याच्या धाडसाचे कौतुक करतो. तो पडला तरी गिर्यारोहण वाईट असे म्हणत नाही. दोर नीट बांधायला हवा होता असे म्हणतो. म्हातारे माणूस पडले की मात्र दोराचा विचार कुणी करत नाही, गडच बंद करून टाकतो. हे प्रेमापोटी घडते हे मला मान्य आहे. पण त्या प्रेमात आपल्या सोयीचा अंश किती, हे ज्याचे त्याने तपासून पाहावे. मी २००१ साली सोयच पाहिली होती, आणि तिला मऊ आवाज दिला होता.

खरे तर भीती पडण्याची असते त्यापेक्षा दिसण्याची अधिक असते. सुरकुतलेले शरीर तालावर हलते तेव्हा पाहणारा संकोचतो. या संकोचामागे आपल्या समाजाचा जुना दुटप्पीपणा आहे. ज्या बायकांना आपण नाचू दिले त्यांना प्रतिष्ठा दिली नाही, आणि ज्यांना प्रतिष्ठा दिली त्यांना नाचू दिले नाही. वाईच्या यमुनाबाईंनी बसल्या जागी, नुसत्या मुद्रेने आणि हातांनी लावणीची अदा करावी आणि रसिकांनी थक्क व्हावे. १९१५ साली जन्मलेल्या यमुनाबाईंना २०१२ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्ही सर्वांनी टाळ्या वाजवल्या. परंतु आपली आत्या किंवा बहीण पदर खोचून उभी राहिली की आम्हाला वडे आठवतात.

जाणकारांच्या जगात वार्धक्य हे नृत्याचे वैगुण्य मानलेलेच नाही. लखनौ घराण्याचे शंभू महाराज बैठकीत बसून ठुमरीवर भाव दाखवीत, आणि लोक त्यासाठीच जात. जपानच्या काझुओ ओनो यांनी १९२९ साली तोकियोच्या रंगमंचावर एक स्पॅनिश नर्तकी पाहिली. ती त्यांच्या मनात जवळजवळ पन्नास वर्षे राहिली, आणि १९७७ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्यांनी तिच्यावरचे नृत्य सादर केले. त्यांची जगभर कीर्ती झाली ती त्यानंतर. पुढे पाय थकले तेव्हा ते खुर्चीत बसून हातांनी नाचत. २०१० साली ते वारले तेव्हा एकशे तीन वर्षांचे होते. उडी गेली तरी नाच उरतो. किंबहुना उडी गेल्यावर जे उरते ते पाहण्यासारखे असते. विशीतल्या मुलीच्या झिम्म्यात जोर असतो. अक्काच्या झिम्म्यात टाळी जरा उशिरा येते, पण ती कुठे यायची आहे हे तिच्या हाताला साठ वर्षांपासून माहीत असते.

आरोग्याची बाजू घेणाऱ्यांतही हे ओळखणारी माणसे आहेत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ साली कंपवाताच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केला. पुण्यातही हृषीकेश पवार यांनी असे वर्ग चालवले. या आजारात पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात, आणि बाहेरून ताल मिळाला की कधीकधी सुटतात. म्हणजे येथे उपयोग उघड आहे. तरीही ब्रुकलिनच्या शिक्षकांचा आग्रह असा, की हा नृत्याचा वर्ग आहे, उपचाराचा नव्हे. दारातून आत येणारा माणूस रुग्ण नसून शिकाऊ नर्तक आहे. मला यात मोठा शहाणपणा दिसतो. उपयोग दाराबाहेर उभा राहतो तेव्हाच तो बहुधा मागोमाग आत येतो. नाचताना जो आपली नाडी मोजतो त्याचा ताल चुकतो.

इतका विचार करून, आणि खरे सांगायचे तर थोडा धीर गोळा करून, मी संध्याकाळी अक्काकडे गेलो. ती डाव्या हाताने रबरी चेंडू दाबत बसली होती, मनगटाचा व्यायाम. मी प्रस्तावना सुरू केली. ती म्हणाली, "त्याचा फोन आला होता ना? माझं काही म्हणणं नाही. फुगडी मी सोडली. गिरकी आता झेपत नाही, हे मलाही कळतं. लुगडं घोट्याच्या वर नेसणार. पण झिम्मा सोडणार नाही." दोर कुठे बांधायचा याचा विचार तिने आम्हा सर्वांच्या आधी केला होता.

"डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारले. सवय जात नाही.

"विचारलं नाही त्यांना," अक्का म्हणाली. मग चेंडू खाली ठेवून म्हणाली, "बाळ, दिवसभरात मला हात कोण लावतं? रक्त तपासायला येतो तो मुलगा. महिन्यातून एकदा. झिम्म्यात समोरचीच्या हातावर हात पडतो ना, ते मला आवडतं. यात सांगण्यासारखं काही नाही, म्हणून सांगत नव्हते."

एवढ्या मोठ्या पुराव्यांच्या भेंडोळ्यात ही गोष्ट कुठेच नव्हती. ती मोजता येत नाही असे नाही. उद्या कुणी मोजेलही, आणि मग तेही औषध होईल. पण ज्या क्षणी ती हे बोलली त्या क्षणी त्याला कसलाही उपयोग जोडलेला नव्हता.

मी तेव्हा एकदाचे विचारले, "अक्का, मंगळागौरीच्या रात्री मी तुला आत पाठवलं होतं. आठवतं?"

ती थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. "वडे छान झाले होते हं त्या दिवशी," ती म्हणाली, आणि पुन्हा चेंडू उचलून दाबू लागली. हे माफ करणे होते की नव्हते, हे मला अजून ठरवता आलेले नाही. ठरवण्याचा अधिकार माझा नाही, एवढे कळले.

रात्री मी भाच्याला फोन केला. मी सांगणार नाही, असे त्याला सांगितले. तो रागावला. त्याचा राग योग्य होता. उद्या अक्का पुन्हा पडली तर त्या पडण्यात माझाही वाटा असेल, हे मी त्याला कबूल केले. २००१ साली ती बसली त्यात माझा वाटा होता. तो मी कधी कुणापाशी कबूल केला नव्हता. दोन्ही वाटे माझ्याच नावावर आहेत. त्यांपैकी एक घेऊन जगणे मला आता सोपे वाटते.

मंगळवारी अक्काला रिक्षाने मी सोडायला गेलो. आत बायकांचा घोळका तिच्याभोवती जमला, आणि मी दारातल्या खुर्चीवर बसून राहिलो. झिम्मा सुरू झाला. या वेळी मी कुणाच्या नजरा पाहिल्या नाहीत, पायांकडे पाहिले. अक्काची टाळी उशिरा येत होती, पण येत होती.

घरी आल्यावर मात्र एक पंचाईत झाली. नाचाविषयी इतके लिहायचे ठरवले होते, आणि आयुष्यात मी एकदाही नाचलो नव्हतो. तेव्हा खार्मिडिसाची आठवण झाली. हल्ली पहाटे लवकर जाग येते. मी खोलीत जातो आणि थोडा वेळ हात हलवून पाहतो. दाराला आतून कडी घालून. पत्नीने परवा विचारले, आत काय चालते. मी म्हणालो, डॉक्टरांनी खांद्यासाठी सांगितले आहे.